गेटावरचं रडार : प्रकल्प नोंदी, मे ते ऑगस्ट २०२५

४ मे
जागा ठरली. पुण्यातल्या बावधनच्या उतारावरची सोसायटी. गेटातून बाहेर पडताना डावीकडे कंपाउंडची भिंत वळते, त्यामुळे उताराने येणारी गाडी अगदी नाकासमोर आल्यावरच दिसते. रडार भिंतीच्या कोपऱ्यावरच्या खांबाला, तोंड चढाकडे. गाडी गेटापाशी पोचायला चार सेकंदांहून कमी वेळ उरला की गेटाच्या आतल्या बाजूला तांबडा दिवा लागायला हवा.

कॅमेरा कमिटीने नाकारला. चेहरे आणि नंबरप्लेट कुठे साठणार यावरून सभेत बराच वेळ गेला. माझ्या मते नाकारला ते बरंच झालं. रात्री पावसात समोरून हेडलाइट आला की कॅमेऱ्याची पंचाईत होते, आणि आम्हाला चित्र नकोच आहे. आम्हाला दोन आकडे हवेत : किती लांब आणि किती वेगाने. हे दोन्ही रडार थेट मोजतं. रस्त्यात तारेचं वेटोळं पुरायचा पर्यायही होता, पण रस्ता महापालिकेचा.

७ मे
पार्टनरचं म्हणणं, आधी स्वस्तातलं करून बघू. म्हणून एचबी१०० मॉड्यूल. १०.५२५ गिगाहर्ट्झ, पाच व्होल्टवर चालतं. आउटपुट इतकं बारीक की मागे ॲम्प्लिफायर लावल्याशिवाय काही हाती लागत नाही. ॲम्प्लिफायरला हेडफोन जोडला आणि रस्त्याकडे धरलं, तर प्रत्येक गाडीची शिट्टी ऐकू येते : सोडलेल्या आणि परतलेल्या लहरीच्या फ्रिक्वेन्सीत वेगामुळे पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर. दर ताशी एक किलोमीटरला साडेएकोणीस हर्ट्झ, म्हणजे ६०ने येणारी गाडी साधारण ११७० हर्ट्झवर वाजते. ब्रेक लागला की सूर खाली उतरतो. हे ऐकण्यात संध्याकाळ गेली आणि त्याचं वाईट वाटत नाही.

पण या कामाला ते पुरणार नाही. मॉड्यूलला आउटपुट एकच, त्यामुळे गाडी येतेय की जातेय हे कळत नाही. अंतर तर कळतच नाही. सतत एकाच फ्रिक्वेन्सीची लहर सोडली की परत आलेली लहर नेमकी कधी निघाली होती हे ओळखायला तिच्यावर खूणच नसते. दोन गाड्या आल्या तर दोन सूर एकत्र वाजतात आणि कोणता कुणाचा ते सांगता येत नाही. काहीतरी हललं, इतकंच कळतं.

१८ मे
७७ गिगाहर्ट्झचा बोर्ड मिळाला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आयडब्ल्यूआर१६४२. दोन अँटेना पाठवणाऱ्या, चार ऐकणाऱ्या. हा सतत एकच सूर धरत नाही. प्रत्येक चिर्पमध्ये, म्हणजे लहरीच्या एका छोट्या तुकड्यात, फ्रिक्वेन्सी चढत जाते. परत आलेली लहर थोडी जुनी, म्हणून तिची फ्रिक्वेन्सी आत्ताच्या लहरीपेक्षा कमी. दोघींमधला फरक म्हणजे अंतर. एकापाठोपाठ येणाऱ्या चिर्पमध्ये फेज, म्हणजे लहरीच्या आवर्तनातली जागा, किती सरकली, तो वेग.

आज दिवसभर कागदावरच काम. ६०ने येणारी गाडी सेकंदाला १६.७ मीटर कापते. चार सेकंद आधी सांगायचं तर ती ६७ मीटरवर असतानाच आपल्याला खात्री हवी. ८० मीटरवर दिसली, तर खात्री पटायला हाती १३ मीटर, म्हणजे जेमतेम पाऊण सेकंद. सेकंदाला २० फ्रेम, म्हणजे मोजमापाच्या फेऱ्या, धरल्या तर पंधरा-सोळा फ्रेम. सगळी रचना या पाऊण सेकंदाभोवती करायची आहे.

मग ओढाताण सुरू. वेगाची मर्यादा म्हणजे तरंगलांबीला दोन चिर्पमधल्या वेळाच्या चौपटीने भागून येणारा आकडा. तरंगलांबी ३.९ मिलिमीटर. सेकंदाला २० मीटरपर्यंतचे वेग धड मोजायचे तर हा वेळ ४९ मायक्रोसेकंदांच्या आत हवा. पण पाठवणाऱ्या दोन अँटेना आळीपाळीने बोलतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला निम्माच. त्यातला खरा चढ १६ मायक्रोसेकंदांचा, बाकीचा वेळ सर्किट स्थिरावण्यात जातो. चढ जास्त उभा केला तर अंतर बारीक मोजता येतं, पण मग ८० मीटरवरून येणारा फरक बोर्डाच्या ५ मेगाहर्ट्झच्या मर्यादेबाहेर जातो. शेवटी मायक्रोसेकंदाला ९ मेगाहर्ट्झ हा चढ ठरवला : ८० मीटरला ४.८ मेगाहर्ट्झ, आणि अंतराची बारकाई साधारण एक मीटर. पार्टनरला अर्धा मीटर हवा होता. मिळणार नाही.

एका फ्रेममध्ये प्रत्येक अँटेनाचे ६४ चिर्प. त्यातून वेगाची बारकाई सेकंदाला ०.६ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोन किलोमीटर. ही मात्र उत्तम आहे आणि पुढे कामाला येणार.

२४ मे
खांबावर तात्पुरता बोर्ड, खाली लॅपटॉप, वॉचमन काकांची खुर्ची. अंतर-वेगाचा नकाशा पडद्यावर आला. शून्य वेगाच्या रेषेवर भिंत, विजेचे खांब, उभ्या गाड्या, सगळे झगझगीत. चालत्या गाड्या त्या रेषेपासून बाजूला.

कुठला ठिपका खरा मानायचा यासाठी एकच उंबरठा चालत नाही. अंतर दुप्पट झालं की परतणारी शक्ती सोळा पटींनी घटते. २० मीटरवरचा कुत्रा आणि ८० मीटरवरची स्कूटर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून सीफार : नकाशावरच्या प्रत्येक घराच्या, म्हणजे चौकोनाच्या, आजूबाजूच्या घरांची सरासरी काढायची आणि त्याहून बराच वर उठला तरच ठिपका धरायचा. ही कल्पना १९६८ सालची, फिन आणि जॉन्सन यांची. मोकळ्या रस्त्यावर झकास चालते. पीएमपीची बस आली की तिच्या मागची स्कूटर गायब, कारण बसनेच आजूबाजूची सरासरी वर उचललेली असते. त्यावर १९८३ मध्ये रोहलिंगने सुचवलेला उपाय : सरासरी काढायचीच नाही, शेजारच्या घरांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि त्यातला ठरावीक क्रमांकाचा आकडा घ्यायचा. बसची दोन-चार घरं रांगेत शेवटी जाऊन बसतात, निवाड्यात येत नाहीत. प्रोसेसरला थोडं जड, पण हेच ठेवणार.

२७ मे
यंदा पाऊस मेमध्येच. बोर्ड घाईने डब्यात.

डबा पॉलिकार्बोनेटचा. झाकणाची जाडी तरंगलांबीच्या हिशेबात असावी लागते, नाहीतर झाकणच लहर परतवतं. या प्लॅस्टिकमध्ये अर्धी तरंगलांबी सुमारे १.२ मिलिमीटर, दुप्पट, म्हणजे २.३-२.४ चालतं. बाजारात मिळालेल्यांपैकी त्याच्या जवळचं उचललं.

हवेतल्या पावसाची भीती नाही. जोराच्या सरीत ७७ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे दहा डेसिबलच्या आसपास फटका बसतो. आमच्या जाऊन-येऊन १६० मीटरला तो दीड-दोन डेसिबल. खरा शत्रू झाकणावर पसरणारा पाण्याचा पापुद्रा. डबा थोडा खाली झुकवला आणि वर प्लॅस्टिकचाच छज्जा. पत्र्याचा नको, असं फॅब्रिकेटरला दोनदा सांगावं लागलं.

३ जून
इथून खरं काम. ठिपके मिळणं म्हणजे माग लागणं नव्हे. प्रत्येक फ्रेम ही कोरी पाटी आहे. मागच्या फ्रेममधली स्कूटर आणि या फ्रेममधला ठिपका एकच, हे रडार सांगत नाही. ते आपण ठरवतो.

सुरुवात अल्फा-बीटा फिल्टरने. गाडी आत्ता कुठे असावी याचा अंदाज बांधायचा, मोजमाप आलं की फरक बघायचा, फरकाचा अल्फा हिस्सा जागेत आणि बीटा हिस्सा वेगात घालायचा. अल्फा ०.५ घेतला तर बेनेडिक्ट आणि बोर्डनर यांच्या १९६२च्या सूत्राने बीटा ०.१७ येतो. हे दोन आकडे सोडले तर फिल्टरमध्ये काहीच नाही आणि एकट्या गाडीमागे तो आरामात धावतो. नव्याने शिकणाऱ्याने कालमन फिल्टरच्या आधी हेच हाताने लिहून बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्याची अडचण अशी की विश्वास कायमचा अर्धा-अर्धा. नवा ट्रॅक, म्हणजे एका गाडीचा धरलेला माग, आणि तीन सेकंद चाललेला ट्रॅक दोघांना तोच न्याय. १९६०च्या कालमन फिल्टरमध्ये अंदाजासोबत त्या अंदाजाची शंकाही साठवलेली असते आणि मोजमापाचीही. ज्याची शंका कमी, त्याचं जास्त ऐकायचं. आमच्या रडारची शंका गोल नाही, हे इथे महत्त्वाचं. अंतर मीटरच्या आत कळतं. पण ऐकणाऱ्या चार आणि पाठवणाऱ्या दोन मिळून झालेल्या आठ आभासी अँटेनांना कोनाची बारकाई १५ अंशांच्या आसपास, म्हणजे ६० मीटरवर आडवं जवळपास १६ मीटर. एकटीच गाडी असेल तर तिचा कोन याहून बराच नेमका काढता येतो, तरीही शंकेचा आकार पसरट आणि आडवा राहतो. तो तसाच फिल्टरला सांगितला की गाडी उगाच फुटपाथवर चढत नाही.

९ जून
कोनाचा आणखी एक मुद्दा. दोन अँटेना आळीपाळीने बोलतात, तेवढ्यात गाडी सरकलेली असते. सेकंदाला १० मीटरने येणारी गाडी २४ मायक्रोसेकंदांत पाव मिलिमीटर पुढे येते. ऐकायला काहीच नाही. पण जाऊन-येऊन अर्धा मिलिमीटर, आणि ३.९च्या तरंगलांबीत तो ४५ अंशांचा फेज. हा फेज कोनाचा समजला गेला तर दिशा चुकते. वेग आधी मोजायचा, त्या वेगाचा फेज वजा करायचा, मग कोन काढायचा. क्रम हाच.

१३ जून
वॉचमन काका : "अहो, ती लाल गाडी स्पीडब्रेकरला थांबली ना, तवा तुमचा दिवा विझला."

बरोबर. चढाकडे ३० मीटरवर स्पीडब्रेकर आहे. भिंत आणि खांब गाळायला आम्ही शून्य वेगाची रेषा पुसतो, आणि स्पीडब्रेकरवर रांगणारी गाडी त्याच पुसण्यात जाते. लढाऊ विमानांचे वैमानिक याचाच फायदा घेतात : रडारच्या नजरेला काटकोनात वळतात, जवळ-लांब होणारा वेग शून्याच्या आसपास येतो, आणि जमिनीसोबत विमानही गाळलं जातं. आमच्या उतारावर तीच गोष्ट ॲक्टिव्हावाल्याला न ठरवता जमते.

यावर पहिला मार्ग ट्रॅक स्मरणावर पुढे नेण्याचा. मोजमाप नसलं तरी अंदाज चालू ठेवायचा. पण दर फ्रेमला शंका वाढते, शंकेबरोबर जुळणीची खिडकी, म्हणजे गाडी जिथे सापडेल असं धरलेला टापू, रुंदावते, आणि दीड-दोन सेकंदांत ती इतकी मोठी होते की मागून येणारी दुसरीच गाडी आत शिरून जुन्या ट्रॅकचं नाव लावते. किती वेळ आठवण ठेवायची आणि कधी सोडून द्यायची, याला सूत्र नाही. रस्ता बघून ठरवावं लागतं.

म्हणून दुसरा मार्ग. वेग कमी होत होत शून्याला टेकलेल्या ट्रॅकला ‘थांबला’ अशी वेगळी अवस्था. त्या अवस्थेत स्मरणावर पुढे ढकलायचं नाही, जागेवर उभं करायचं. आणि फक्त त्याच जागेसाठी न पुसलेला नकाशा उघडून, रिकाम्या रस्त्याच्या नोंदीपेक्षा तिथे काही जास्त आहे का ते बघायचं. गाडी असेपर्यंत ते जास्तीचं असतं. निघाली की वेग पुन्हा उगवतो आणि ट्रॅक तोच राहतो.

२२ जून
जुळणी. एका फ्रेममध्ये चार ट्रॅक आणि अकरा ठिपके असले तर कोण कुणाचा?

आधी ठिपक्यांचे पुंजके. एक मीटरच्या बारकाईत बारा मीटरची बस अनेक घरं व्यापते, स्कूटर एखाद-दोन. डीबीस्कॅनने जवळचे ठिपके एकत्र केले. ‘जवळचे’ ठरवताना वेगालाही वजन दिलं, म्हणून बसला घासून पुढे निघणारी मोटरसायकल वेगळी राहते. इथे ती ०.६ची बारकाई कामाला आली. अंतर एकच, पण सेकंदाला तीन मीटरचा फरक असला तर नकाशावर दोघांमध्ये चार-पाच घरं पडतात.

मग प्रत्येक ट्रॅकभोवती खिडकी. अंतर, कोन, वेग अशी तीन मापं. शंकेने भागलेल्या अंतराचा वर्ग ११.३४च्या आत असेल तरच उमेदवार, म्हणजे खरा ठिपका शंभरात एकदाच बाहेर राहावा. एका ठिपक्यावर दोघांचा दावा आला की ज्याला जवळचा त्याला देऊन टाकणं सोपं, पण मग दुसऱ्याला भलताच मिळतो. म्हणून सगळ्यांची एकत्रित किंमत कमीत कमी होईल अशी वाटणी : कून यांची १९५५ची हंगेरियन पद्धत. आमच्या संख्येला लॅपटॉपला तिचा भारही जाणवत नाही. याहून पुढची, निर्णय लांबणीवर टाकून अनेक शक्यता जिवंत ठेवणारी पद्धत रीडने १९७९ मध्ये मांडली. पाऊण सेकंदाच्या कामाला ती आम्ही घेणार नाही.

१ जुलै
पिंपळ. वारा सुटला की ४० मीटरवरची पानं एकाच जागी राहून येतात-जातात आणि ट्रॅक जन्माला घालतात. तळमजल्यावरच्या दुकानाचा एक्झॉस्ट फॅन तर कायमच ‘येतोय’.

पाचपैकी तीन फ्रेममध्ये दिसला तर ट्रॅक पक्का, हा नेहमीचा नियम त्यांना अडवू शकत नाही. नवी अट घातली : गेल्या अर्ध्या सेकंदात डॉप्लरने सांगितलेला वेग बेरजेला लावायचा आणि अंतर खरंच तेवढं घटलं का बघायचं. सेकंदाला १५ मीटरचा दावा करणारा अर्ध्या सेकंदात साडेसात मीटर जवळ यायलाच हवा. फॅन तिथेच असतो. पिंपळही.

१० जुलै
समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू; रस्त्याकडेला उंच पत्रे ठोकले. दुपारपासून पत्र्यांच्या पलीकडे, मोकळ्या प्लॉटवरून, रिक्षा धावू लागल्या.

आरसाच तो. लहर रिक्षावरून पत्र्यावर आणि तिथून आमच्याकडे. प्रतिबिंबाचं अंतर थोडं जास्त, वेग जवळजवळ तोच, आणि ते खऱ्यासारखंच पुढे सरकतं, म्हणून १ जुलैची अट ते पास होतं. भुताचा हिशेब चोख असतो! इथे रस्त्याची माहितीच लागते. दोन्ही कडा नकाशात आखल्या. कडेबाहेर जन्मलेला ट्रॅक दिवा लावू शकत नाही. त्याशिवाय कडेआतल्या एखाद्या ट्रॅकसारखाच वेग आणि थोडं जास्त अंतर सतत दाखवणारा ट्रॅक त्याची सावली म्हणून बांधून टाकला.

१९ जुलै
रात्री साडेबाराची नोंद तपासताना सापडलेलं : एक मोटरसायकल सेकंदाला १५ मीटरने लांब जातेय असं डॉप्लर म्हणतं, आणि तिचं अंतर दर फ्रेमला सव्वा मीटर घटतंय.

ती ९०ने येत होती. सेकंदाला २५ मीटर. आमची पट्टी उणे २० ते अधिक २०, म्हणून २५ गुंडाळला जाऊन उणे १५ झाला. १ जुलैच्या अटीने हा ट्रॅक पिंपळाच्या रांगेत बसवून टाकला असता, आणि दिवा सर्वांत जास्त गरज असलेल्या गाडीसाठीच बंद राहिला असता. आता अट बदलून तीन उमेदवार तपासतो : मोजलेला वेग, त्यात ४० मिळवून, त्यातून ४० वजा करून. अंतराशी जो जुळेल तो खरा. एकही जुळला नाही तरच पान किंवा पंखा. अंतराच्या घटीवरून काढलेला वेग खडबडीत असतो, पण इथे त्याला फक्त तिघांतला एक निवडायचा आहे.

असल्या गाड्यांना वेळ अर्थातच कमी मिळतो. ८० मीटर म्हणजे त्यांना ३.२ सेकंद. चार सेकंदांचं वचन त्यांच्यासाठी पाळता येत नाही. ट्रॅक पक्का झाला की लगेच दिवा.

२ ऑगस्ट
ब्रेक. स्थिर वेगाचा फिल्टर शांत ठेवला तर स्पीडब्रेकरआधी ब्रेक मारणाऱ्या कारच्या पुढे धावत सुटतो. चपळ केला तर सरळ येणाऱ्याचा वेग थरथरतो आणि दिवा लुकलुकतो. ब्लोम आणि बार-शालोम यांच्या १९८८च्या मार्गाने दोन फिल्टर शेजारी चालवले, एक शांत आणि एक ब्रेकवाला. मोजमाप कुणाशी जास्त जुळतं त्यानुसार दोघांच्या उत्तरांचं मिश्रण. लुकलुक गेली.

जवळ आल्यावर डॉप्लर कमी बोलतो हेही आत घातलं. रडार गाडीच्या मार्गापासून तीन मीटर बाजूला. ६० मीटरवर फरक पडत नाही, पाच मीटरवर कोन ३१ अंश होतो आणि वेग १४ टक्क्यांनी कमी दिसतो.

२८ ऑगस्ट
काल गणपती आणायची मिरवणूक उतारावरून गेली. ढोलपथक मिळून एकच सव्वीस मीटर लांबीचं टार्गेट, त्यातून हातांच्या हालचालीचे वेग दोन्ही बाजूंना फवारल्यासारखे. दिवा पूर्ण वेळ लागलेला. कुणाचीही तक्रार नाही.

३१ ऑगस्ट
राहिलेलं सगळ्यांत मोठं काम आडोशाचं. बस स्पीडब्रेकरच्या अलीकडे थांबते तेव्हा तिच्या मागून निघणारी दुचाकी २५ मीटरवर पहिल्यांदा दिसते. कितीही चांगला ट्रॅकर न दिसलेल्याचा माग काढू शकत नाही, तेव्हा दुसरा बोर्ड समोरच्या खांबावर, बसच्या दुसऱ्या अंगाने बघणारा. दोघे एकाच पट्ट्यात चिर्प सोडणार, म्हणून एकमेकांच्या कानात ओरडू नयेत यासाठी फ्रेमच्या सुरुवाती २५ मिलिसेकंदांनी सरकवायच्या. दोन्ही घड्याळं पाच मिलिसेकंदांच्या आत जुळलेली हवीत. तेवढ्या वेळात ६०ची गाडी आठ सेंटिमीटर सरकते, एक मीटरच्या बारकाईत ते चालतं. केबल रस्त्यावरून न्यायची की वायरलेस, हे पार्टनर बघतेय. समोरच्या खांबाची परवानगी मागायला अर्ज उद्या.